शॉक गेला की पाटा तुटला? व्हॅनचे मागचे शॉक घरी बदलण्याआधी हे समजून घ्या

लातूर : निलंगा तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे जुनी ओम्नी आहे. बाजार, दवाखाना, सोयरीक, खताची पोती, सगळं याच गाडीवर. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी मागून उड्या मारायला लागली. घरातल्या आजीनं मागच्या सीटवर बसायला साफ नकार दिला. "बाळा, मला त्या डब्यात बसवू नगंस, माझी कंबर राहत न्हाई," म्हणून ती एसटीनं जाऊ लागली. नातवानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले, तालुक्याहून दोन नवे शॉक आणले आणि एका रविवारी अंगणातच बसवले. दुपारपर्यंत काम झालं. उड्या कमी झाल्या, पण गाडी मागून बसलेली ती बसलेलीच राहिली. चार माणसं मागं बसली की खड्ड्यात टायर वर घासायचा.

शेवटी शेजारचे, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले. डाव्या बाजूच्या पाट्यांमधला एक पाटा तुटलेला होता. पोरगं म्हणालं, "काका, पण शॉक तर नवेच टाकलेत की." काका म्हणाले, "शॉक वजन उचलत न्हाई रे पोरा. वजन पाट्यावर हाय."

हे एक वाक्य आधी कळलं असतं तर पोरानं शॉकच्या आधी पाटे तपासले असते. आपल्या भागात ओम्नी आणि ईको या दोन गाड्या घरोघरी आहेत. पहिली मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढं तिचंच नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. ईको २०१० मध्ये आली. दोन्ही गाड्यांचे मागचे शॉक घरी बदलता येतात. काम अवघड नाही, पण ते कुठं चुकतं आणि कुठं जिवावर बेततं, हे माहीत पाहिजे.

शॉक करतो तरी काय

शॉक म्हणजे तेल भरलेली बंद नळी. आत एक दट्ट्या, त्याला बारीक छिद्रं आणि झडपा. चाक खड्ड्यात गेलं की दट्ट्या वरखाली होतो आणि तेलाला त्या बारीक वाटेतून जबरदस्तीनं जावं लागतं. फवारणीच्या पंपाचं नोझल बारीक केलं की दांडा दाबायला जड जातो, तसंच. चाकाची उडी तिथंच जिरते आणि तिची उष्णता होते. काही शॉकमध्ये तेलाला फेस येऊ नये म्हणून वरून दाबाचा गॅस भरलेला असतो.

गाडी उचलून धरायचं काम मात्र स्प्रिंगचं. ओम्नीला मागं लोखंडी पाटे आहेत, जुन्या जीपला असतात तसे. ईकोला मागं गोल वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का बसला की झुलते. ते झुलणं थांबवतो शॉक. म्हणून गाडी मागून बसली असेल, एका अंगाला कलली असेल, तर आधी पाटे किंवा स्प्रिंग बघायची. आणि गाडीची उंची बरोबर आहे पण ती स्पीडब्रेकरवरून गेल्यावर तीन-चार वेळा हेलकावे खात असेल, तर शॉककडं बघायचं.

ओम्नीच्या पाट्यांचं आणखी एक आहे. ते नुसतं वजन पेलत नाहीत, मागचा अख्खा ॲक्सल जागेवर धरून ठेवतात. वरचा मुख्य पाटा तुटला तर ॲक्सल मागं-पुढं सरकू शकतो, म्हणजे चालत्या गाडीचं चाक वाकडं होऊ शकतं. मुख्य पाटा तुटलेला दिसला तर ती गाडी तशीच बाजाराला नेऊ नये. मेकॅनिकला घरी बोलवावं.

मेलेला शॉक नुसता कंबर मोडतो असं नाही. चाक रस्त्यावरून उडतं तेवढा वेळ त्या चाकाला ब्रेकही नसतो आणि पकडही नसते. खडबडीत रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. शिवाय या व्हॅन उंच आणि अरुंद आहेत. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना किंवा समोरून ट्रक वारा मारत गेला की गाडी डुलते, आणि ते डुलणं थांबवायलाही कोणी नसतं. गरोदर बाईला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची वेळ याच गाडीवर येते, हेही धरून चालावं.

गेला हे कसं ओळखायचं

सगळ्यात सोपं म्हणजे खाली वाकून बघणं. शॉकच्या नळीवर वरपासून खालपर्यंत तेलकट ओल आणि त्यावर धुळीचा जाड थर बसला असेल, तर आतला सील गेला. हलकीशी ओलसर झाक असेल तर ती पुसून आठ-दहा दिवसांनी परत बघावं. दोन्ही टोकांच्या रबरी बुशा फुटल्या असतील तर खडखड आवाज येतो. अशा वेळी शॉक चांगला असूनही लोक तो बदलतात. काही शॉकच्या बुशा वेगळ्या मिळतात, आधी दुकानात विचारून बघावं.

दुसरी, सगळ्यांना माहीत असलेली तपासणी म्हणजे मागचा बंपर जोरानं दोन-तीनदा दाबून सोडायचा. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक, डुलत राहिली तर शॉक गेला. ईकोवर ही युक्ती चालते. ओम्नीवर मात्र ती फसवते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानंच डुलणं बरंचसं थांबतं. शॉक पूर्ण मेला असला तरी हातानं दाबलेली ओम्नी शहाण्यासारखी उभी राहते.

म्हणून जुने मेकॅनिक तिसरी तपासणी करतात. गाडी खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणायची, सपाट जागी उभी करून इंजिन बंद करायचं आणि दोन्ही शॉकच्या नळ्यांना हात लावायचा. काम करणारा शॉक गरम लागतो, कारण उड्यांची उष्णता त्यातच जिरलेली असते. एक गरम आणि दुसरा थंडगार असेल तर थंड असलेला नुसता लटकतोय. हात लावताना सायलेन्सरपासून जपावं.

टायरही सांगतो. टायरवर हात फिरवला आणि थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झिजलेलं लागलं, तर ते चाक नाचत होतं असं समजावं.

दुकानात जाताना

एकच शॉक गेला असला तरी जोडी बदलावी. एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर वळणावर आणि ब्रेक मारताना गाडीची दोन अंगं वेगळी वागतात. जुना चांगला असला तर तो 'असू द्यावा' म्हणून गोठ्यात ठेवणारे बरेच आहेत, पण तो परत कधी लागत नाही.

ओम्नीचा शॉक ईकोला चालत नाही. एकाच गाडीतही वर्ष, प्रवासी, मालवाहू, सीएनजी असे फरक असू शकतात. म्हणून आरसीबुकाचा फोटो सोबत न्यावा, दुकानदाराला चेसिस नंबर दाखवावा आणि शक्य असेल तर जुना शॉक काढूनच न्यावा. लांबी, डोळ्याचं भोक आणि बुशाची रुंदी तिथंच जुळवून बघावी. पक्कं बिल घ्यावं. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्या दुकानात माल नकली निघाला तर भांडायलाही जागा राहत नाही. नवे नट-बोल्ट आणि वायसर सोबत मिळतात का ते विचारावं. गंजलेला जुना बोल्ट परत वापरण्यात काही बचत नाही.

घेताना शॉक हातात धरून दाबून बघावा. नुसत्या तेलाचा शॉक दाबला तिथंच राहतो, गॅसचा हळूहळू आपोआप लांब होतो. दोन्ही प्रकारांत दांडा अडखळत, टकटक करत गेला तर तो परत करावा.

जॅकचं काम हेच खरं काम

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला पाहिजे होता तो भाग. शॉकचे दोन बोल्ट काढणं शाळकरी पोरालाही जमेल. माणसं मरतात ती जॅक घसरून गाडी अंगावर आल्यानं.

गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, 'दोन मिनिटांसाठी' सुद्धा नाही. आपल्या काळ्या रानातलं अंगण वरून कडक दिसतं, पण पावसाळ्यात आणि नंतरही महिनाभर आतून मऊ असतं. जॅकचा लहान पाय त्यात एका अंगानं रुततो आणि गाडी हळूच कलते. काम फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर करावं. तसं नसेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी टाकावी.

दुसरी गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. या दोन्ही गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे आणि इंजिनची ताकदही मागच्याच चाकांना जाते. मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेक ओढलेला असो की गाडी गिअरमध्ये असो, जमिनीवर राहिलेल्या पुढच्या चाकांना धरायला काहीच उरत नाही. गाडी पुढं ढकलली जाते आणि जॅक आडवा होतो. म्हणून आधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ओंडक्यांच्या पाचरी ठोकायच्या, मगच जॅकला हात लावायचा. गोल दगड पाचर म्हणून चालत नाही.

गाडी उचलल्यावर तिचं वजन लोखंडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर द्यायचं. घोडी कुठं लावायची ते गाडीच्या पुस्तकात दाखवलेलं असतं. तिथंच लावावी, पातळ पत्र्याखाली नाही. जवळ घोडी नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणावी. तेवढ्यासाठी कोणी नाही म्हणत नाही. विटांची चवड आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीच वापरू नयेत. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. काढलेलं चाक आणि स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी, म्हणजे काही घसरलंच तर वजन चाकावर येईल. गाडी घोडीवर बसली की आत शिरण्याआधी बाहेरून जोरानं हलवून बघावी. पडायची असेल तर तेव्हाच पडू द्यावी. आणि एकट्यानं हे काम करू नये, घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर पाहिजे. लहान लेकरं मात्र लांब.

काही जण गाडी उचलतच नाहीत. चारही चाकं जमिनीवर ठेवून, सर्व्हिसिंग सेंटरच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी उभी करून काम करतात. अशी सोय मिळाली तर तीच सगळ्यात चांगली. शेतातल्या चारीवर गाडी आडवी घालून खाली शिरायचं डोकं मात्र चालवू नये, मातीचा काठ ढासळतो.

आदल्या रात्री तेल, सकाळी पाना

बोल्ट गंजलेले असणार हे धरून चालावं. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं आटे घासून त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारावा. स्प्रे नसेल तर डिझेलचे थेंब सोडले तरी चालतात, फक्त ते ब्रेकच्या ड्रमवर आणि रबरी बुशांवर जाऊ देऊ नये. सकाळी परत एकदा टाकावं. पाना बोल्टाच्या मापाचाच हवा, जमलं तर रिंग पाना किंवा गोटी पाना. ढिल्या फिक्स पान्यानं नटाचे कोपरे गोल झाले की दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं.

नट तरीही सुटला नाही तर गॅस कटरनं तापवायचा मोह होतो. हे घरी करू नये. जवळच पेट्रोलची टाकी आणि नळ्या असतात, सीएनजीच्या गाडीत तर आणखी पाईप. अशी गाडी सरळ गॅरेजला न्यावी.

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. वायसर कुठल्या बाजूला, बुश कशी, बोल्ट आतून की बाहेरून, हे नंतर आठवत नाही. एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

इथं ओम्नी आणि ईकोत मोठा फरक आहे. ओम्नीचा ॲक्सल पाट्यांना जखडलेला असल्यानं शॉक सुटला तरी तो फार खाली जात नाही. ईकोसारख्या गोल स्प्रिंगेच्या गाडीत मात्र गाडी उचलल्यावर ॲक्सल फार खाली लोंबू नये, हे शॉकच धरून ठेवत असतो. तो बोल्ट काढला की ॲक्सल झटक्यानं खाली येऊ शकतो, ब्रेकचा रबरी होज ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. म्हणून बोल्टाला हात लावण्याआधी त्या बाजूच्या ॲक्सलच्या नळीखाली दुसरा जॅक लावून तिला हलका आधार द्यावा. हा जॅक थोडा वर-खाली केला की बोल्टावरचा ताण जातो आणि तो हातानं निघतो. हातोड्यानं ठोकायची वेळ आली तर समजावं की जॅकची उंची चुकलीय.

ओम्नीत पाटा आणि ॲक्सल बांधणारे इंग्रजी यू आकाराचे बोल्ट तिथंच शेजारी दिसतात. त्यांचा शॉकशी संबंध नाही, त्यांना हात लावायचा नाही.

नवा शॉक बसवण्याआधी सरळ उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून लांब करावा. दुकानात आडवा पडून राहिल्यानं आत हवा शिरलेली असते, ती अशानं वर निघून जाते. नंतर आधी वरचं टोक, मग खालचं, असं बसवावं. नट आधी हातानं फिरवावेत. काही शॉकच्या वरच्या टोकाला डोळ्याऐवजी आट्यांचा दांडा असतो आणि नट फिरवताना दांडाही फिरतो. तो धरायला टोकाला जागा केलेली असते, तिथं लहान पाना लावावा. चकचकीत दांड्याला पक्कड किंवा ग्रिप पाना लावला की संपलं. त्यावर उठलेला ओरखडा वरखाली होत सील कापतो आणि नवा शॉक तेल गाळायला लागतो.

डोळ्याच्या बुशांचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नये. रबर त्या लोंबत्या स्थितीत जखडतं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. महागाची बुश लवकर फाटते ती यामुळंच. बोल्ट बेताचा आवळून, चाक लावून गाडी जमिनीवर उतरवावी आणि मग खाली हात घालून शेवटचा आवळ द्यावा. किती आवळायचं याचं माप गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतं. मापाचा पाना ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून ते तपासून घेतलेलं बरं. पान्याला लांब पाईप लावून सगळा जोर काढणाऱ्यांनी बोल्ट तोडल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील. चाकाचे नटही गाडी खाली आल्यावर समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळावेत.

काम करताना चेसिसवरची शॉकची ब्रॅकेट नीट बघून घ्यावी. तिथं वेल्डिंगला तडा असेल किंवा गंजून पत्रा पातळ झाला असेल तर नवा शॉक ती ब्रॅकेट उपटून काढेल. तडा दिसला तर आधी चांगल्या वेल्डरकडं.

पहिल्या दिवशी गाडी गावातच हळू फिरवावी आणि आवाज ऐकावा. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर नट परत एकदा तपासावेत. जुने शॉक भंगारात द्यावेत. ते भोक पाडून किंवा कटरनं कापून दांडा काढायला जाऊ नये, गॅसचा शॉक दाबाखाली असतो आणि तापला तर फुटतो.

एवढं जमल्यावर पुढचेही शॉक घरीच टाकू, असं वाटणं साहजिक आहे. ते करू नये. दोन्ही गाड्यांत पुढं शॉक आणि स्प्रिंग एकाच जोडणीत आहेत आणि ती स्प्रिंग कायम दाबलेली असते. वरचा नट सोडला की ती सुटते आणि समोर हात असो की तोंड, बघत नाही. त्या कामाला स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार आणि ते वापरलेला माणूस लागतो.

निलंग्याच्या त्या घरात डाव्या बाजूचा पाटा नंतर बदलून घेतला आणि उजव्या बाजूचे पाटेही उघडून बघितले. आजी सध्या मागच्या सीटवर बसते, पण उशी घेऊनच.